तेलबियांची पेंड आणि वाढीची कोकरे : एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयाची मांडणी

तेलबीतून तेल काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, त्यास पश्चिम महाराष्ट्रात पेंड आणि वऱ्हाड-नागपूरकडे ढेप म्हणतात. भुईमूग, सरकी, जवस, करडई, तीळ, कारळे आणि अलीकडच्या काळात सोयाबीन व सूर्यफूल यांच्या पेंडी पशुखाद्य म्हणून वापरल्या जातात. वाढीच्या कोकरांस दाणा परवडत नसेल अथवा चराई अपुरी पडत असेल तर त्याऐवजी पेंड द्यावी, आणि एक पेंड महाग झाल्यास तिच्या जागी दुसरी घालावी, हा विषय आज पशुपोषणशास्त्राच्या प्रयोगशाळेत नित्याचा झाला आहे. कोणत्या पेंडीने वजनवाढ किती ग्रॅम झाली, खाद्याचे रूपांतर किती झाले, याची कोष्टके दरसाल प्रसिद्ध होत असतात.

प्रस्तुत लेखाचा हेतू या कोष्टकांत भर घालण्याचा नाही. पेंड कोकराच्या पुढे केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत आली, आणि जेथे पेंडही होती व कोकरेही होती तेथे ती त्यांच्यापर्यंत का पोहोचली नाही, या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करणे, एवढाच हेतू आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ पेंडीतील प्रथिनांच्या प्रमाणात सापडत नाही. पेंड हा असा पदार्थ आहे की तिच्यावर एकाच वेळी तिघांचा हक्क पोहोचतो : जमिनीचा, जनावराचा आणि बंदराचा. जमिनीस ती खत म्हणून हवी असते, जनावरास अन्न म्हणून, आणि बंदरास व्यापारी माल म्हणून. या तीन हक्कदारांत कोकराचा हक्क कधी मान्य झाला व कधी डावलला गेला, याचा वृत्तांत इंग्लंड आणि दख्खन या दोन प्रदेशांच्या तुलनेने चांगला उलगडतो. ही तुलना हवी तेथून ओढून आणलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील पशूंनी खाल्लेल्या पेंडीचा काही भाग मुंबई बंदरातून गेलेल्या बियांचा होता; म्हणून या दोन इतिहासांचा सांधा मुळातच जुळलेला आहे.

२. खत म्हणून आलेली पेंड

इंग्लंडमध्येही पेंडीचा पहिला मान जमिनीचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉरफोक परगण्यातील शेतकरी मोहरीच्या जातीतील रेप या बीची पेंड दळून थेट शेतात टाकीत. होल्कमचा सुप्रसिद्ध जमीनदार टॉमस कोक याच्या नावाशी जी शेतीपद्धती निगडित झाली आहे, तिच्यात गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर ही चार पिके आळीपाळीने घेतली जात, आणि मेंढरे सलगमाच्या शेतातच कोंडून चारली जात. हलकी, वाळूमिश्रित जमीन मेंढरांच्या लेंड्या-मुताने व खुरांच्या दाबाने गव्हाच्या योग्यतेची होई.

हे कोंडणे कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. लाकडी ताट्यांचे कुंपण करून मेंढरांस शेताचा एक तुकडा नेमून देत. तो चरून झाला की ताट्या पुढे सरकवीत. या कुंपणात कोकरांपुरत्या अरुंद फटी ठेवलेल्या असत. त्यांतून कोकरू पुढच्या ताज्या पिकात जाऊन चरे, आणि तेथेच ठेवलेल्या द्रोणीतील खुराक खाई. आईला मात्र त्या फटीतून जाता येत नसे. आज पशुपोषणाच्या पुस्तकांतून कोकरांना आईपासून वेगळा पूरक खुराक देण्याची जी पद्धत शिकविली जाते, तिचे मूळ या ताट्यांच्या फटीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून पेंड शेतात थेट टाकण्याऐवजी ती आधी जनावराच्या पोटातून जाऊ देण्याची प्रथा वाढत गेली. विचार साधा होता. पेंड जमिनीत टाकली तर तिचे मोल एकदाच मिळते. जनावरास चारली तर मांस मिळते आणि खतही मिळते. १८४६ मध्ये धान्यावरील संरक्षक कायदा रद्द झाल्यानंतर जेम्स केर्ड प्रभृतींनी ज्या भांडवलप्रधान शेतीचा पुरस्कार केला, तिचा विकतची पेंड हा एक आधारस्तंभ होता. इतिहासकार एफ. एम. एल. टॉम्सन यांनी १९६८ मध्ये या कालखंडास दुसरी कृषिक्रांती असे नाव दिले. त्यांच्या मते शेत हे स्वयंपूर्ण राहण्याचे थांबून बाहेरून कच्चा माल विकत घेणाऱ्या कारखान्यासारखे झाले, हे या क्रांतीचे मर्म होय. या बाहेरून येणाऱ्या मालात हाडे, ग्वानो आणि पेंड हे तीन पदार्थ प्रमुख होते.

३. रॉथमस्टेडचा हिशेब

पेंडीच्या दुहेरी मोलाचा शास्त्रीय हिशेब मांडण्याचे श्रेय जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांजकडे जाते. रॉथमस्टेड येथे १८४३ मध्ये त्यांनी संशोधनास आरंभ केला. पिकांवरील त्यांचे प्रयोग सर्वश्रुत आहेत. परंतु १८५० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मेंढ्यांवर केलेले खाद्यप्रयोग तितकेच महत्त्वाचे होत. हॅम्पशायर, ससेक्स, कॉट्सवोल्ड, लेस्टर अशा जातींची मेंढरे पेंड, क्लोव्हरचे वाळलेले गवत आणि सलगमाच्या वर्गातील कंद यांवर पोसून, खाल्लेले अन्न आणि वाढलेले वजन यांची त्यांनी काटेकोर नोंद ठेवली. १८५९ मध्ये त्यांनी दहा संपूर्ण जनावरांच्या देहांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. या दहांत चार मेंढरे निरनिराळ्या पुष्टतेची होती, आणि एक पुष्ट कोकरूही होते.

या प्रयोगांतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली अशी की, पुष्ट होत जाणाऱ्या प्रौढ जनावराच्या वजनवाढीत मुख्य भाग चरबीचा असतो, मांसाचा नव्हे. अन्नाचे पोषणमूल्य त्यातील नत्रावरूनच ठरवावे, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या प्रभावाने रूढ झालेले मत त्यामुळे डळमळीत झाले. दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाची होती : पुष्ट होणाऱ्या जनावराने खाल्लेल्या नत्रापैकी फारच थोडा अंश त्याच्या देहात राहतो, नव्वद टक्क्यांहून अधिक नत्र शेणामुतावाटे बाहेर पडते. अर्थात विकत घेतलेल्या पेंडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खताच्या रूपाने शेतातच शिल्लक राहतो. लॉज यांनी निरनिराळ्या खाद्यांच्या खतमूल्याचे कोष्टक तयार केले, तेव्हा त्यात पेंडी वरच्या स्थानी आल्या व धान्ये खाली राहिली.

येथे कोकरासंबंधी एक भेद केला पाहिजे. वाढीचे कोकरू आणि पुष्ट होणारा प्रौढ मेंढा यांच्या देहाची गरज एकसारखी नाही. कोकराच्या वाढीत स्नायू व हाडे यांचा वाटा मोठा असल्यामुळे ते खाल्लेल्या नत्राचा तुलनेने अधिक अंश देहात ठेवते. वाढीच्या कोकराच्या आहारात सुमारे १४ ते १६ टक्के प्रथिने असावीत, असे आज मानतात. वाळलेल्या दख्खनी गवतात ती याच्या निम्म्यानेही नसतात. सारांश, पेंडीतील प्रथिनांचा खरा उपयोग करून घेणारे जनावर कोकरूच होय. तथापि पेंडीचा एकोणिसाव्या शतकातील हिशेब प्रौढ जनावराच्या खतावर उभारला गेला.

या हिशेबास कायद्याची जोड मिळाली, ही गोष्ट निर्णायक ठरली. इंग्लंडमधील बहुसंख्य शेतकरी कुळे होती. कुळाने या वर्षी पेंड विकत घेऊन मेंढरांस चारली आणि पुढच्या वर्षी जमीन सोडली, तर खताचा लाभ जमीनदारास अथवा नव्या कुळास मिळणार. मग पेंड विकत घ्यावी कोणी? लिंकनशायर परगण्यात जाणाऱ्या कुळास चारलेल्या पेंडीची भरपाई देण्याचा रिवाज पूर्वीपासून होता. १८७५ च्या कायद्याने अशा भरपाईचे तत्त्व मान्य केले, परंतु करारान्वये त्यातून सुटण्याची मोकळीक जमीनदारास ठेवली. १८८३ च्या कायद्याने ती मोकळीक काढून घेतली. यामुळे खतमूल्याचे कोष्टक हे प्रयोगशाळेचे टिपण न राहता देण्याघेण्याचे साधन झाले. १९०२ मध्ये जे. ए. व्होल्कर आणि ए. डी. हॉल यांनी त्याची फेरमांडणी केली आणि चारलेल्या खाद्यातील निम्मे नत्र भरपाईस पात्र धरले.

हा हिशेब सर्वस्वी निर्दोष होता असे मात्र नव्हे. रॉयल कृषी संस्थेने १८७६ पासून वोबर्न येथे खास याच प्रश्नावर प्रयोग चालविले. टरफल काढलेल्या सरकीची पेंड एका बाजूस आणि मक्याचे पीठ दुसऱ्या बाजूस चारून, त्यांपासून झालेल्या खताचा पिकांवर परिणाम पाहिला. कोष्टकाप्रमाणे पेंडीचे खत पुष्कळ सरस ठरावयास हवे होते. प्रत्यक्ष पिकांत तेवढा फरक दिसून आला नाही. साठवणीत आणि शेतात नत्र निसटून जाते, हे यातून ध्यानात आले. असे असूनही पेंडीचा वापर थांबला नाही, कारण भरपाईचा हक्क कायम होता. रसायनाच्या आकड्याइतकीच हक्काच्या नोंदीने पेंड इंग्लिश मेंढरांपुढे ठेवली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

४. मुंबई बंदर आणि हल शहर

ही पेंड येत कोठून होती? जवसाचा पुरवठा प्रथम मुख्यतः रशियातून होई. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–१८५६) तो विस्कळीत झाला आणि हिंदुस्थानच्या जवसास मागणी वाढली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. वऱ्हाड-नागपूरचा जवस, आणि पुढे सरकी, मुंबईच्या गोदीतून इंग्लंडास जाऊ लागली. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील हल हे शहर तेलगिरण्यांचे मोठे केंद्र होते. तेथील बाजारात मुंबईचा जवस आणि मुंबईच्या सरकीची पेंड ही मालाची स्वतंत्र, ओळखीची नावे झाली होती.

ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, पेंडीपेक्षा बी परदेशी जात होते. बी गेले म्हणजे तेलही गेले आणि पेंडही गेली. तेल हा कर्ब, उज्ज व प्राण यांचा बनलेला पदार्थ. त्यातील द्रव्ये हवा-पाण्यातून येतात, त्याच्या निर्यातीने जमीन दरिद्री होत नाही. परंतु जमिनीतून उचललेले नत्र, स्फुरद आणि पालाश सारे पेंडीत राहते. म्हणून बियांची निर्यात ही वस्तुतः जमिनीच्या कसाची निर्यात होय.

हा मुद्दा ठाशीवपणे मांडणारा गृहस्थ इंग्लंडच्या पेंडव्यवहाराचाच जाणकार होता, हा योगायोग उद्बोधक आहे. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचे वडील ऑगस्टस व्होल्कर हे रॉयल कृषी संस्थेचे रसायनज्ञ होते, आणि पेंडीतील भेसळ उघडकीस आणणे हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग होता. जवसाच्या पेंडीत विषारी मोहरी वा इतर बियांचा कचरा मिसळून जनावरे दगावल्याची प्रकरणे त्यांच्यापुढे येत. मुलाने तेच पद पुढे चालविले. १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने या धाकट्या व्होल्करांस येथील शेतीची पाहणी करण्यासाठी पाचारण केले. १८९१ च्या आरंभापर्यंत त्यांनी देशभर प्रवास केला, आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेलबियांच्या निर्यातीने खताची द्रव्ये देशाबाहेर जातात. तेल येथेच काढावे व पेंड येथे राहावी, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. त्याच १८९३ साली इंग्लंडात खते आणि पशुखाद्ये यांच्या शुद्धतेविषयी कायदा होऊन पेंड विकणाऱ्यावर जबाबदारी आली. एका देशात पेंड घेणाऱ्यास संरक्षण मिळाले. दुसऱ्या देशात पेंड गमावणाऱ्यास एक अहवाल मिळाला.

५. दख्खनचा कळप

आता दख्खनकडे वळू. येथील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात धनगर मेंढपाळांचे कळप शतकानुशतके फिरत आले आहेत. दख्खनी जातीची मेंढी काटक, काळ्या वा मिश्र रंगाच्या भरड लोकरीची आणि दूर चालण्यास सोसणारी आहे. दिवाळीनंतर फलटण-साताऱ्याकडील कित्येक कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. वाटेत ते रात्री शेतकऱ्यांच्या शेतात मेंढरे बसवितात, आणि त्या लेंडीखताबद्दल त्यांस धान्य किंवा रोख रक्कम मिळते.

मेंढरे बसविण्याची ही चाल आणि नॉरफोकमधील ताट्यांचे कोंडणे यांचे साम्य उघड आहे. दोन्हींत मेंढरू हे खताचे वाहन आहे. परंतु भेद त्याहून महत्त्वाचा आहे. इंग्लंडात मेंढरे, शेत आणि पेंड या तिन्हींचा धनी एकच होता. दख्खनमध्ये मेंढरे मेंढपाळाची, शेत कुणब्याचे आणि पेंड तेल्याच्या घाण्यावरची. इंग्लिश मेंढराने शेताला दिलेले खत विकतच्या पेंडीतून येई. दख्खनी मेंढराने दिलेले खत माळ, गायरान आणि डोंगरउतार यांवरील चराईतून येई. मेंढपाळ हा माळावरचा कस गोळा करून काळ्या जमिनीस नेऊन देणारा मध्यस्थ होता.

या मध्यस्थाच्या पायाखालची जमीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकसली. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांचा विस्तार होऊन चराई फी, परवाने आणि मनाई यांच्या कचाट्यात सापडली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात जंगलखात्याने गावाच्या चराईवर केलेल्या आक्रमणाचे जे वर्णन केले आहे, ते या दृष्टीने मूलगामी आहे. परदेशांतील उत्तम शेळ्यामेंढ्यांची पैदास येथे करावी, अशी सूचनाही त्यांनी केली, आणि तिचे एक कारण म्हणून त्यांच्या लेंड्या-मुताचा जमिनीस होणारा लाभ पुढे केला. मेंढरू, चराई आणि जमिनीचा कस ही एकच साखळी आहे, हे फुल्यांनी व्होल्करांच्या दहा वर्षे आधी पाहिले होते.

चराई घटली तेव्हा तिची उणीव पेंडीने भरून निघणे अशक्य नव्हते. लाकडी घाण्यावर काढलेल्या पेंडीत तेलाचा अंश दहा टक्क्यांच्याही वर राहतो, म्हणून ती कोकरास प्रथिनांबरोबर ऊर्जाही देते. पण नेमक्या त्याच काळात त्या पेंडीस दुसरा सधन ग्राहक लाभला. मुठा आणि नीरा यांच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि उसास वरखत म्हणून एरंडी, करडई व भुईमुगाची पेंड देण्याचा प्रघात पडला. एरंडीची पेंड विषारी असल्यामुळे ती खतासच योग्य. तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु करडई आणि भुईमूग यांच्या पेंडी खाद्य असूनही थेट सरीत पडल्या. इंग्लंडने पूर्वीच जी प्रथा मागे टाकली होती, तिचा दख्खनच्या बागायतीत नव्याने स्वीकार झाला.

याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणे चुकीचे ठरेल. ऊसकऱ्याजवळ पेंड विकत घेण्यापुरती पत होती, पण कळप नव्हता. मेंढपाळाजवळ कळप होता, पण पत नव्हती. शिवाय पेंड चारून झालेल्या अधिक कसदार खताचे अधिक मोल त्यास कोणी देत नव्हते. रात्रीचा दर मेंढरांच्या संख्येवर ठरे, त्यांनी काय खाल्ले यावर नव्हे. लिंकनशायरच्या रिवाजाने जे साधले ते येथे साधणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. परिणामी कोकरे बाभळीच्या शेंगा, झाडपाला आणि आईचे दूध यांवर वाढली. कळप रानात गेल्यावर ती वाड्यावर राहत, आणि त्यांची देखभाल मेंढपाळाच्या घरातील स्त्रिया व मुले करीत. आजही बव्हंशी तसेच चालते. तीन-चार महिन्यांचे नर कोकरू व्यापाऱ्यास विकून टाकणे, हा या परिस्थितीतून निघालेला व्यवहार होय. कोकराची वाढ वेगाने होण्याच्या ऐन काळात ते मेंढपाळाच्या हातून जाते, आणि पुढील वाढीचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडतो.

अपवाद नव्हते असे नाही. घरी एखादा बकरा अथवा मेंढा बांधून, सरकी, पेंड आणि मक्यावर पोसून, सणास वा बाजारास काढण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीची ख्याती तिच्या थोराड बांध्यासाठी व वेगवान वाढीसाठी आहे. मात्र एक जनावर बांधून पोसणे आणि शंभरांच्या कळपातील कोकरांस नियमित खुराक देणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भांडवलाचे आहे.

६. निर्यातीचा वाद

व्होल्करांनी उपस्थित केलेला प्रश्न पुढे पस्तीस वर्षे धुमसत राहिला. पेंड व तेलबिया यांच्या निर्यातीवर बंदी घालावी किंवा कर बसवावा, अशी मागणी शेतीखात्यातील तज्ज्ञांकडून व सार्वजनिक कार्यकर्त्यांकडून पुनःपुन्हा होत होती. लॉर्ड लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने (१९२६–१९२८) हा प्रश्न विचारात घेतला, आणि बंदी व निर्यातकर या दोन्ही उपायांस नकार दिला. निर्यात रोखल्यास तेलबियांचा भाव पडेल आणि त्याचा भार बी पिकविणाऱ्या शेतकऱ्यावरच येईल, हा त्या नकाराचा मुख्य आधार होता.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. खानदेशचा भुईमूग पिकविणारा शेतकरी आणि पेंड विकत घेणारा पशुपालक यांचे हितसंबंध परस्परविरोधी असू शकतात, हे त्यात प्रामाणिकपणे मान्य केले होते. तथापि वादातील दोन्ही पक्षांच्या नजरेसमोर मुख्यतः जमीन व बाजार हे दोनच हक्कदार होते. निर्यातबंदीवाले खताच्या नावाने बोलत होते, निर्यातवाले भावाच्या नावाने. फिरत्या मेंढपाळाच्या बाजूने या वादात कोणी उभे नव्हते.

दरम्यान जमिनीचा हक्क आपोआप सैल होऊ लागला. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याचा कारखाना सुरू झाला, आणि कृत्रिम नत्रखते स्वस्त होत गेली. उसास पेंडीच्या जोडीस प्रथम अमोनियम सल्फेट आले, पुढे युरियाने पेंडीस जवळजवळ बाजूस सारले. लॉज यांच्या कोष्टकाचे आर्थिक महत्त्वही त्याबरोबर ओसरले. पेंड आता सरीतून मोकळी झाली. परंतु ती कोकराकडे न जाता दोन अन्य वाटांनी गेली. स्वातंत्र्यानंतर द्रावकाच्या साहाय्याने तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले. घाण्याच्या पेंडीतील दहा-बारा टक्के तेलाच्या जागी या पेंडीत जेमतेम एक टक्का तेल उरते. या उद्योगाची अखिल भारतीय संघटना १९६३ मध्ये मुंबईस स्थापन झाली, आणि तेलविरहित पेंड हा परकीय चलन मिळवून देणारा माल ठरला. दुसरी वाट दुग्धव्यवसायाची. १९७० मध्ये दुग्धविकासाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर सहकारी संघांनी पशुखाद्याचे कारखाने काढले. दूध घालणाऱ्या सभासदास खाद्य उधारीवर मिळते आणि त्याची रक्कम दुधाच्या बिलातून वळती होते. लिंकनशायरच्या रिवाजाप्रमाणेच ही पतीची व्यवस्था आहे. फक्त ती गाई-म्हशींसाठी आहे. मेंढपाळाचे उत्पन्न वर्षातून एक-दोनदा कोकरे विकून येते, त्यामुळे तो अशा व्यवस्थेच्या बाहेर राहिला.

७. कोकराचे पोट आणि पेंडीचे दोष

येथवर पेंड मिळण्याचा विचार झाला. मिळालेली पेंड कोकरास मानवते की नाही, याचाही इतिहास आहे, आणि तो मुख्यतः विसाव्या शतकाचा आहे.

जन्मलेल्या कोकराच्या पोटाच्या चार कप्प्यांत चौथा कप्पा सर्वांत मोठा असतो. रवंथाचा पहिला कप्पा अविकसित असतो. दुधापलीकडचे घन अन्न पोटात जाऊ लागल्यावर, सहा ते आठ आठवड्यांत, तो कार्यक्षम होतो. या वाढीस गवतापेक्षाही दाणा व पेंड यांचे आंबवण अधिक चालना देते. म्हणून पेंड केव्हा सुरू करावी हा प्रश्न किती द्यावी या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. सरकीच्या बाबतीत तर तो जिवाचा प्रश्न होतो. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. विदर्स आणि कॅरूथ या अमेरिकन संशोधकांनी १९१५ मध्ये सरकीच्या विषारीपणाचे कारण हेच द्रव्य असल्याचे दाखविले. रवंथ पूर्ण विकसित झालेल्या जनावरात ते प्रथिनांशी बद्ध होऊन बव्हंशी निरुपद्रवी होते. कोवळ्या कोकरात तसे होत नाही. मोठ्या मेंढरांस चालणारी सरकी पेंड दुधावरच्या कोकरास जशीच्या तशी देणे, हे यास्तव धोक्याचे आहे.

दुसरा दोष भुईमुगाच्या पेंडीचा. १९६० मध्ये इंग्लंडात एक लक्षाहून अधिक टर्की पक्ष्यांची पिले अज्ञात रोगाने मेली. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत त्याचे मूळ सापडले. पेंडीवर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे ते विष होते. त्यास १९६२ मध्ये अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. मेंढरू या विषास पक्ष्यांच्या मानाने पुष्कळ दाद देत नाही. परंतु यूरोपीय देशांनी पुढे घातलेल्या मर्यादांमुळे भारतीय भुईमूग पेंडीच्या निर्यातीस मोठा धक्का बसला. पेंड ओलसर जागी साठविण्याने होणारी हानी दुप्पट आहे हे यातून शिकावयाचे : बाजार जातो, आणि सडलेला माल स्वस्तात गरीब पशुपालकाच्या दारी येतो.

तिसरी गोष्ट दोष नव्हे, तर शोध आहे. पेंडीतील प्रथिने रवंथाच्या कप्प्यात जंतूंच्या क्रियेने मोडतात आणि त्यांतील नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने वाया जातो. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात फर्ग्युसन, हेम्सली आणि रीस यांनी फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केलेले प्रथिन मेंढ्यांस देऊन ते पहिल्या कप्प्यातून न मोडता पुढे जाते व लोकरीची वाढ सुधारते, हे दाखविले. त्यातून पेंडीतील प्रथिनांचे संरक्षण करण्याचे तंत्र निघाले. रॉथमस्टेडला जे नत्र खतात जाताना दिसले होते, त्यातील काही जनावराच्याच देहात थांबविण्याची युक्ती शंभर वर्षांनी सापडली, असा याचा अर्थ आहे.

८. उपसंहार

आज पेंडीच्या हक्कदारांत चौथ्याची भर पडली आहे, तो म्हणजे कुक्कुटपालन. भुईमुगाची जागा महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीन पेंडीचा मोठा ग्राहक कोंबडी आहे. २०२१ मध्ये पेंडीचे भाव भडकले तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्र सरकारने १२ लाख टन सोयाबीन पेंड आयात करण्यास अनुमती दिली. सोयाबीन पिकविणाऱ्यांनी तीस विरोध केला. जुलै २०२३ मध्ये तेलविरहित भाताच्या कोंड्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा कारखानदारांनी निषेध केला. शाही आयोगासमोरचाच वाद नव्या पक्षकारांसह पुन्हा उभा राहिला, आणि या वेळीही मेंढपाळाचे नाव वादात कोठे ऐकू आले नाही.

अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था (१९६२), राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (१९६८) आणि फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था (१९६८) यांसारख्या ठिकाणी मेंढीवर दीर्घकाळ काम झाले आहे. फलटण येथे बंगालच्या गारोळ मेंढीतील जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून सुवर्णा ही वाणे सिद्ध झाली. जुळी कोकरे म्हणजे एका आईच्या दुधावर दोन तोंडे. तेव्हा कोकरांच्या पूरक खुराकाचा प्रश्न पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे.

या इतिहासावरून संशोधकांस एक सूचना करावीशी वाटते. एका पेंडीच्या जागी दुसरी घालून कोकराची वाढ मोजणारे प्रयोग आवश्यक आहेत. ते चालूच राहिले पाहिजेत. परंतु पेंडीने कोकरू वाढते, हे लॉज आणि गिल्बर्ट यांच्या काळापासून माहीत आहे. इंग्लंडमध्ये ती कोकरापर्यंत पोहोचली, कारण चारणाऱ्यास मांस आणि खत या दोहोंचे मोल मिळण्याची हमी होती. दख्खनमध्ये पोहोचली नाही, कारण तशी हमी नव्हती. म्हणून प्रयोगाच्या कोष्टकात प्रथिने, वजनवाढ आणि खर्च यांच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत : पेंड कोणाच्या पतीवर आली, लेंडीखताचे मोल कोणास मिळाले, आणि कोकरू कितव्या महिन्यात कोणाच्या हाती गेले. हे रकाने भरण्यास प्रयोगशाळेबाहेर पडून वाड्यावर जावे लागेल, आणि पशुपोषणाच्या विद्यार्थ्यास अर्थशास्त्र व इतिहास यांच्या विद्यार्थ्यांची सोबत घ्यावी लागेल. ते केल्याखेरीज स्वस्त पेंडीचे उत्तमोत्तम मिश्रण सिद्ध झाले तरी त्याचा लाभ कोकरू विकत घेणाऱ्यास होईल, वाढविणाऱ्यास नव्हे.